बेताचं मीठ

सासऱ्यांच्या, नानांच्या, वर्षश्राद्धाचं पान त्यांच्या फोटोपुढे ठेवून, दार लोटून वृषाली स्वयंपाकघरात आली, आणि ओट्यावरची मिठाची वाटी तिला तशीच भरलेली दिसली. काकडीला पाणी सुटू नये म्हणून कोशिंबिरीत मीठ ती अगदी शेवटी घालायची. आज ते राहूनच गेलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक, त्यामुळे चवही घेतलेली नव्हती.

असली चूक सासूबाई कधी पोटात घालत नसत. नाना मात्र घालायचे. पानातलं चिमूटभर मीठ मुकाट्याने कोशिंबिरीत कालवायचे आणि म्हणायचे, "झकास झालीय." नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत, म्हणजे आज तीही सोय नव्हती. आणि ते पान थोड्या वेळाने सासूबाईच जेवणार होत्या.

मुठीत मीठ घेऊन ती खोलीत शिरली आणि जागीच थबकली. कोशिंबिरीच्या दह्यात बोटं फिरवल्याच्या ताज्या रेघा होत्या. मधल्या बोटाची जागा तेवढी कोरी होती. नानांचं ते बोट तरुणपणीच वखारीतल्या करवतीखाली गेलं होतं. काकडीचं पाणी पानावर हळूहळू पसरत होतं.

मागोमाग सासूबाई आल्या, पाटावर बसल्या आणि पहिला घास कोशिंबिरीचाच घेतला.

"मीठ अगदी बेताचं पडलंय गं," त्या म्हणाल्या. "आज ते असते, तरी तुझी चूक झाकायची वेळ आली नसती त्यांच्यावर."

वृषालीच्या मुठीतलं मीठ घामाने पाघळत होतं.