तिसऱ्या ओळीचा सूर

मुलांनो, डोळे मिटा. असं समजा, तुम्ही खाडीच्या धक्क्यावर उभे आहात. धुकं इतकं दाट, की स्वतःची पावलंही दिसत नाहीत. आजूबाजूला माणसं गात आहेत आणि एकेक आवाज बंद होतोय.

एका होडीवाल्याची धाकटी मुलगी तशीच उभी होती. गात होती.

आवाज बंद होणं चांगलंच असायचं. वस्तीचं गायन मंडळ त्यासाठीच होतं. धुक्यात कंदील दिसत नाही, गाणं ऐकू येतं. प्रत्येक होडी लागायची जागा वेगळी आणि मधे खडक. म्हणून ज्याच्या त्याच्या जागी त्याच्या घरच्या माणसाने उभं राहून गायचं. होडी लागली, की आलेला माणूस ओला हात गाणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा. त्या घराने लगेच गप्प व्हायचं. फार पूर्वी एकदा परतल्याच्या आनंदात सगळेच गात राहिले होते. त्या गलक्यात एका होडीला आपल्या घरचा आवाज सापडला नाही. सकाळी खडकांत नुसतं वल्हं मिळालं. तेव्हापासून होडीवाल्यांनी नियमच केला होता. घरचा आवाज ओळखू आल्याशिवाय आत वळायचं नाही.

एरवी बाबांसाठी आई गायची. तिसऱ्या ओळीला तिचा सूर हमखास घसरायचा.

"वहिनी, सूर मासे धरायला गेला वाटतं!" शेजारचा काका ओरडायचा. सगळे हसायचे. आईसुद्धा. धाकटीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज बाबा होडी घेऊन गेले आणि मग आईचा घसा सुजून पार बंद झाला. धाकटीने हट्टाने तिची जागा घेतली. "आता बघाच म्हणावं," ती आईला म्हणाली होती, "आपल्या घरचं गाणं कसं असतं ते."

आणि खरंच, ती काचेसारखी स्वच्छ गात होती. डावीकडचा आवाज थांबला. उजवीकडचा थांबला. शेवटी तिचाच उरला. ओहोटी लागली होती. धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाणी मागे सरत होतं, बाहेर समुद्राकडे.

खांद्यावर हात पडला. धाकटीचा जीव भांड्यात पडणार, तोच तिला कळलं. हात कोरडा होता.

मंडळ चालवणारी मोठी काकू होती ती. "सुरेख गातेस गं," ती हळूच म्हणाली. "नखभर चूक नाही."

"मग बाबा का येत नाहीत?"

लांब धुक्यात वल्ह्याचा आवाज आला. मग थांबला, कुणी कान देऊन बसावं तसा. पुन्हा आला तो आणखी लांबून.

"पोरी, तो तुझ्या आईचा आवाज शोधतोय."

धाकटी पुन्हा समुद्राकडे वळली. मागे सगळी वस्ती श्वास रोखून उभी होती. तिने पहिली ओळ घेतली. दुसरी घेतली. आणि तिसऱ्या ओळीला, सगळ्यांच्या देखत, तिने सूर घसरवला, अगदी आईसारखा.