मुकी बशी

निवृत्तीच्या दिवशी आपल्या पहिल्या प्रयोगाची बशी स्वतःच्या हाताने धुऊन ठेवायची, अशी त्या प्रयोगशाळेची रीत होती. हेमलता सबनीस खिडकीपाशी बसल्या होत्या. समोरच्या बशीत तीस वर्षांपूर्वीचं वाळकं शेवाळ होतं.

ऐकलेला आवाज जपून ठेवणारं शेवाळ त्यांनीच घडवलं होतं. आता घरोघरी लोक त्यावर चमचाभर पाणी घालतात आणि गेलेल्या माणसांचं बोलणं ऐकत बसतात. ही बशी मात्र तुलनेसाठी शांत खोलीत ठेवलेली. तिथे कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. तरी आवाज साठल्याची खूण म्हणून यंत्रावरची रेघ हलली; तो ऐकायची सोय तेव्हा नव्हती. प्रयोग फसल्याचा शेरा बसला आणि हेमलताबाईंना नऊ वर्षं पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली.

“धुवायची ना, मॅडम?” सहकारी इनामदारांनी विचारलं.

“एकदा ऐकू तरी, काय एवढं नडलं ते.”

पाणी पडताच शेवाळ हळूहळू हिरवं होत गेलं, आणि उन्हात अत्तर पसरावं तसा एक आवाज पसरला.

“पाच मिनिटांत येते म्हणाली, तास झाला. तुझं बरंय बाबा, तुझ्याकडे रोज बघते तरी.” मग मंद शीळ.

अच्युत! रोज संध्याकाळी त्यांना न्यायला येणारा त्यांचा नवरा. तो बाहेर बाकावर बसतो, असंच त्या समजत होत्या. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

इनामदारांनी बशीकडे हात नेला.

“राहू द्या,” हेमलताबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. “आज मी थांबते त्याच्यासाठी.”