बादलचं खरं

तांबूस पिल्लू यशवंतरावांच्या पावलावर येऊन झोपलं, तरी त्यांनी पाय हलवला नाही.

"तेच घ्या मग," श्यामराव हसून म्हणाले. "त्यानंच तुम्हाले निवडलं."

रिवाजच तसा होता. नराच्या मालकाने आधी एक पिल्लू उचलायचं, मग बाकीची वाटायची. श्यामरावांच्या कुत्रीला, रोझीला, यशवंतरावांच्या बादलपासून सहा पिल्लं झाली होती. पाचांची घरं ठरली होती, आणि घेणारे रोज फोन करून विचारत होते. यशवंतरावांनी हात लावल्याशिवाय एकही पिल्लू उंबरा ओलांडणार नव्हतं.

यशवंतराव तेलीबांध्याहून सकाळीच निघून आले होते. सिलतऱ्याच्या या घरात ते तिसऱ्यांदा बसले होते, आणि तिन्ही वेळा भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून. फोटोत दहा-अकरा वर्षांचा पोरगा होता, वर चंदनाचा हार. पुढच्या रविवारी त्यांच्या मोनालीचं आणि श्यामरावांच्या इंद्रजीतचं साक्षगंध होतं. पंडरीच्या बाजारातून साड्या आल्या होत्या, हॉल ठरला होता. दोन स्थळं हातची गेल्यावर कुठे हे जुळलं होतं. आणि माणसं अशी सोन्यासारखी की त्यांच्यापुढे बसलं तर मान वर होत नव्हती.

इंद्रजीत चहा घेऊन आला. "अंकल, कौन सा ले जा रहे हो?"

"एकही नाही," यशवंतराव म्हणाले.

श्यामरावांना वाटलं, होणारे इवाई संकोचून राहिले. त्यांनी आग्रह केला, पिल्लू उचलून मांडीवर दिलं. यशवंतरावांनी ते खाली ठेवलं.

एकादशीला त्यांच्या मोहल्ल्यातल्या मंदिरात कीर्तन होतं. बुवांनी झांजा थांबवून सांगितलं होतं की, पोटात ठेवलेलं पाप पाहुण्यासारखं येतं आणि घरमालकासारखं वागू लागतं. एकदा तोंडाने बाहेर काढा, मग नामाला बसायला जागा होईल. यशवंतराव पहिल्या ओळीत बसून पोरासारखे रडले. घरी परतताना त्यांची बायको कलावतीबाईच म्हणाल्या, जाऊन श्यामरावांना बादलचं सांगून या. तीन दिवसांनी यशवंतराव इथे येऊन बसले होते.

"श्यामराव, ही पिल्लं कोणाले देऊ नका," ते खाली मान घालून म्हणाले. "बादलच्या रक्तात खोट आहे."

मग ते बोलत गेले. मागच्या साली बिलासपूरच्या एका मादीला बादलपासून पिल्लं झाली. त्यातल्या दोघांना आधी अंधारात दिसेना, मग उजेडातही. दारं-भिंतींवर आपटू लागली. जनावरांच्या डॉक्टरने बादलचं रक्त तपासायला धाडलं आणि सांगितलं, हा स्वतः ठणठणीत राहील, पण तीच खोट मादीतही असली तर पिल्लं आंधळी निघतील. याला आता जोडीला देऊ नका. एवढं कळूनही श्यामरावांनी विचारलं तेव्हा यशवंतराव हो म्हणाले.

"काहून?" श्यामरावांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

"नवं नातं होतं. नाही म्हणायची लाज वाटली. आणि साऱ्या कॉलनीत बादलचं नाव होतं. वाटलं, रोझीत नसेल. डोळे झाकून घेतले मी."

श्यामराव खाली बसले. एकेका पिल्लाचं तोंड हातात धरून डोळ्यांत पाहू लागले, जणू त्यांना कळणार होतं. मग इंद्रजीतला म्हणाले, पाचही घरी फोन लाव आणि खरं काय ते सांग. तपासणी होईस्तोवर सारी इथंच राहतील. आंधळी निघाली तर तीही इथंच राहतील.

यशवंतरावांनी हात जोडले. श्यामरावांनी ते हात धरले.

"राग आला मले," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू. पण साक्षगंध आठ दिवसांवर असताना असं सांगायले छाती लागते. हे स्थळ मोडलं असतं तर?"



श्यामरावांनी भिंतीकडे पाहिलं. "माहा मोठा पोट्टा सिकलसेलनं गेला, तुम्हाले माहीत आहे. हाडं दुखायची तर रातभर कण्हायचा. या इंद्रजीतमध्ये पण अर्धं सिकल आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. पोरगी कशीही चालेल, हुंडा नको, फक्त तिच्यात सिकल नको. दोघांतही असलं तर लेकराच्या नशिबी तेच येते. आज तुमच्यापाशी मोनालीच्या तपासणीचा कागद मागणार होतो."

यशवंतरावांनी मान वर केली.

"आता नाही मागत. जो माणूस कुत्र्याचं लपवत नाही, तो पोरीचं काय लपवेल? तुम्ही फक्त तोंडानं सांगा, बस झालं."

यशवंतरावांनी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही, डोळे मात्र भरून आले. श्यामरावांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही, छातीशी धरलं. इंद्रजीत वाकून पाया पडला.

दुपारी ते घरी पोचले तेव्हा कलावतीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच विचारलं, कागद मागितला का?

"नाही."

"मी म्हटलंच होतं," कलावतीबाई म्हणाल्या. "बादलचं खरं सांगून टाका, मोनालीचं कोणी विचारणार नाही."