कागदाची मागची बाजू

मी भावनांचा चित्रकार. म्हणजे माझ्या चित्रात नाक कुठे आहे ते विचारायचं नाही, वेदना बघायची. जलरंगाचा जाड कागद महाग, म्हणून मी दोन्ही बाजू वापरतो. पुढे वेदना, मागे पेन्सिलीचा गिरगटा.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलवर गेलो, तर 'पत्नी : अंतर्मनातलं वादळ' हे माझं लाडकं, हिरव्या चेहऱ्याचं चित्र फ्रेमवाल्याने मागची बाजू पुढे करून बसवलेलं. काचेआड वादळाचा पत्ता नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागलेली बायको होती, मांडीवर अर्धा उसवलेला स्वेटर.

फ्रेमवाल्याला फोन लावला.

"साहेब, एका बाजूला रंग सांडला होता. म्हणून ती आत घेतली."

चित्र उतरवायला वळलो, तर बायको त्याच्यासमोर उभी. माझं प्रदर्शन ती एक कप चहा संपेपर्यंत बघते. आज चहा हातातच निवत होता.

"ही मी आहे," ती म्हणाली. हिरव्या चेहऱ्यांपैकी एकालाही तिने कधी ओळख दाखवली नव्हती.

"अगं, ते नुसतं पेन्सिलीला टोक नीट आलंय का ते बघायला काढलेलं. प्रत्येक चित्राच्या मागे तसलं काहीतरी आहे. समोर तूच असतेस, म्हणून तूच."

तिने हॉलमधल्या एकूण एक वादळांवरून नजर फिरवली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत होय?"