ढोरक्याचा कायदा

"सुई देते का तू?" रुखमाबाईनं विचारलं.

"नाई, आजी."

"सलाईन लावते?"

"नाई."

"मंग पैसे कायचे वो?"

पारावरच्या साऱ्या म्हातारमंडळींनी माना डोलावल्या. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून पुनम आरमोरीजवळच्या आपल्या गावी परत आली होती. दोन डॉक्टरांनी एकच गोळी दोन नावांनी दिली तर पकडायची, तपासणीला गाडी ठरवायची, डॉक्टरसमोर 'मले काईच होत नाई' म्हणणाऱ्याचं खरं दुखणं सांगायचं, पुण्यातल्या लेकाला फोनवर समजावायचं. दोन महिने हे सगळं तिनं फुकट केलं. आज पहिल्यांदा मजुरीसाठी तोंड उघडलं, आणि पारावर सुतक उतरलं. आज होकार मिळाला नाही, तर उद्यापासून पुन्हा दवाखान्याची पाळी. तिथल्या मॅडम फोनची वाटच पाहत होत्या.

आणि नकाराची पुढारी कोण, तर रुखमाबाई! आधार कार्डावर ब्याण्णव, स्वतःच्या तोंडानं सत्तर, आणि सुनेच्या मते अमर. दर सोमवारी ती कोरं लुगडं उशाशी घेऊन देवाच्या बोलावण्याची वाट पाहत निजायची, आणि मंगळवारी सकाळी चहात साखर कमी म्हणून भांडायची.

"मंग तू करते तरी काय?" तिनं विचारलं.

पुनम बोटं मोजत सांगू लागली. "सकाळी घरोघर जाते. कोन लंगडते, कोन खात नाई, कोन कोपऱ्यात बसून आहे, ते पाहाते. दुखलं तं डॉक्टरकडे नेते आनि सांजेले घरी आनून सोडते."

लटारूभाऊ ताडकन उठला. हा जन्मभर गावचा ढोरकी, साऱ्या गावची ढोरं राखणारा. त्यानं हाक दिली की शेजारच्या गावच्या म्हशीही घराकडे वळत.

"अवो, हे तं ढोरकीपन होय!"

"आमी ढोरं हाओत का रे लटाऱ्या?" रुखमाबाई कडाडली.

"ढोरं बरी, बाई. हाकललं की चालतेत तरी!"

पार खदखदला, आणि गाठ सुटली. ढोरक्याला मजुरी कशाची, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. तो सुई देतो का, असं कुणी विचारलं नव्हतं. दर डोईमागेच ठरला. लगेच घासाघीस सुरू झाली. रुखमाबाई म्हणाली, आपण भाकड, आपल्याला अर्धा भाव. ठमाबाईचं म्हणणं, आपण अजून वासरातच मोडतो.

"पन कायदा ढोरक्याचा," लटारूभाऊनं बोट उगारलं. "अर्धी मजुरी महिन्याच्या महिन्याले. बाकीची पाडव्याले, डोई जिती हजर असंल तरच. नाई तं बुडाली."

"आनि वाघानं नेलं तं?" पुनमनं विचारलं.

"वाघाचा दोष ढोरक्याले नाई. पुरे पैसे!"

पुनमनं मंडळींवर नजर फिरवली. यातल्या एकाही हाडकाला तोंड लावील, असा वाघ साऱ्या जंगलात नव्हता. सौदा तोट्याचा होता. तरी तिनं फोन काढला आणि सांगून टाकलं, "मॅडम, येत नाही मी."

पुढं जे घडलं, ते ऐकून डॉक्टर अजून डोकं खाजवतात. पारावरच्या भैयाजीनं दातांआधीपासूनचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. ठमाबाई गोळ्या ओच्यात लपवायची, ती पारावर सगळ्यांना जीभ दाखवून गिळू लागली. पावसाळ्यात रुखमाबाईच्या छातीत कफ दाटला. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी लेकाला बोलावून घ्यायला सांगितलं. सून हुंदके देऊ लागली, तेवढ्यात म्हातारीनं तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

"रडू नोको. मले मरता येत नाई. पाडव्याआधी मेली तं पोरीची मजुरी बुडते." आणि तिनं खिचडी मागितली.

पाडव्याला सगळ्या डोया पारावर हजर, गुढ्यांपेक्षा ताठ. पुनमच्या हाती पुरी मजुरी पडली. तिला मात्र लाजल्यासारखं झालं.

"आता ते अट काढून टाका," ती म्हणाली. "कोनाच्या जिवावर मले मजुरी नोको. औंदा सारे पैसे महिन्याच्या महिन्याले द्या."

रुखमाबाई काठी आपटत उठली.

"वारे पोरी! अट काढली, तं देवाले मी बहाना कोनता सांगू?"