नाताळाचं ताट

"त्या माणसाच्या दारात आज जायलाच पायजे का?" रीतानं विचारलं.

भिकाबाईनं करंज्यांच्या ताटावर फडकं टाकलं. "तुजे सासरे दर नाताळाला द्यायचे."

"सासरे गेले. अन् सख्खा भाऊ असून तो त्यांच्या मातीला बी आला न्हाई."

"न्हाई आला. हलकट हाय तो." एवढं बोलून भिकाबाई ताट घेऊन उंबऱ्याबाहेर पडली.

रीता चिडून मागोमाग निघाली. तिचं माहेर हिंगोलीचं. तिकडं नाताळ म्हणजे चर्च, दारावर कागदी चांदणी, गाणी. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच नाताळ, आणि तांड्यावर ना चांदणी ना गाणं. तिचा नवरा देविदास पुसेगावच्या रस्त्याला मोटारसायकल घेऊन कधीचा उभा होता. हिंगोलीची प्रार्थना चुकणार होती, आणि तीही कुणापायी? भावानं येशूला मानलं म्हणून ज्यानं भावाच्या घरचं पाणी सोडलं, त्या हिरासिंगपायी.

हिरासिंग अंगणात बाजेवर ऊन खात बसला होता. दोघींना पाहून तो जागचा हलला नाही.

"आलं का तुमच्या देवाचं जेवन?"

"व्हय, भावजी." भिकाबाईनं ताट बाजेजवळ ठेवलं.

"बकरीला घालतो मी ते. ठाव हाय ना?"

"घाला."

त्यानं ताट पायानं लांब सरकवलं. रीताची कानशिलं तापली.

"चला आत्याबाई," ती त्याला ऐकू जाईल अशी बोलली. "डुकरांपुढं मोती टाकू नये, असं शास्त्रातच हाय."

भिकाबाई वळली. दोघी अंगणाच्या कडेला पोचल्या, तोच मागून हिरासिंगचा आवाज आला.

"फुलसिंग असा ताट ठेवून पळत न्हवता."

भिकाबाई थांबली.

"बसायचा. हितं, मातीत. मी शिव्या घालायचो, तो ऐकायचा. मंग पानी मागायचा."

"तुमी द्यायचे?"

"कशाचं! एकदा बी दिलं न्हाई." हिरासिंग बाजूला थुंकला. "तरी दर साली मागायचा, येडा. तू काय, पोस्टमनवानी टाकून चालली."

भिकाबाईला हे ठाऊक नव्हतं. नाताळाला तिचा नवरा फुलसिंग ताट द्यायला जायचा तो पार उशिरा परतायचा. लेकरं जेवायची खोळंबायची. कुठं होता म्हणून ती ओरडायची, आणि तो नुसता हसायचा.

ती माघारी आली. बाजेसमोर मातीत बसली.

"पानी द्या, भावजी."

"न्हाई."

रस्त्यावर देविदासनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. भिकाबाई उठेना, आणि हिरासिंगही उठून आत जाईना. रीता जराशी घुटमळली. मग नवी साडी सावरत तीही सासूशेजारी खाली बसली.

हिरासिंगनं तिच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"हिला बी पानी न्हाई," तो म्हणाला, आणि वाकून ताट जवळ ओढलं.