भिंतीवरचं पोस्टर

लाडक्या रॅपरनं अख्खा अल्बम सायकेडेलिक रॉकचा काढला आणि गॅरेजमध्ये जमलेल्या त्याच्या चाहत्यांचं डोकंच फिरलं.

"शब्द कुठायत यात? नुसती गिटार गरगरतेय," गॅरेजमालक म्हणाला. "आपल्या गल्लीबद्दल चकार शब्द नाही. यानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं."

त्यानं भिंतीवरचं रॅपरचं पोस्टर फाडायला हात घातला, तशी तिथं वेल्डिंग करणारी ताई उठली आणि पोस्टरला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

"ताई, बाजूला हो. सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं ठरलं म्हणून मान डोलवायची नाही, हे यानंच शिकवलं ना आपल्याला? याचीच गाणी ऐकून मी घरच्यांशी भांडले आणि वेल्डिंग शिकायला आले. तेव्हा तुम्हीच शाबासकी दिलीत. आता त्यानं स्वतःच्या मनाचं केलं, तर तो लगेच गद्दार?"

मालकाचा हात खाली आला.

"एवढी आवडली तुला ही नवी गाणी?" त्यानं नरमून विचारलं.

"छे. दोनदा ऐकली, दोन्ही वेळा डोकं दुखलं," ताई म्हणाली, पण भिंतीपासून हलली नाही.